रिसीव्हरने विकलेली मिळकत: कोणाचे काय राहते?

(सदर: वाचकांचे प्रश्न, वकिलांची उत्तरे)

गेल्या काही अंकांपासून या सदराकडे नादारीच्या (कर्ज फेडता न आल्याने न्यायालयाने दिवाळखोर ठरवण्याच्या) प्रकरणांतील मिळकतींबद्दल पत्रे येत आहेत. त्यांतील बऱ्याच पत्रांत बँकेची जप्ती, हुकूमनाम्याच्या (दाव्यातील न्यायालयाच्या निकालाच्या) अंमलबजावणीतील लिलाव, नादाराच्या मिळकतीची विक्री आणि बंद पडलेल्या कंपनीचे अवसायन (मालमत्ता विकून, देणी भागवून कंपनी गुंडाळणे) या चार वेगळ्या गोष्टी एकाच नावाने लिहिलेल्या आढळतात. बोलताना आपण सगळ्यालाच ‘दिवाळे निघाले’ म्हणतो आणि बोलण्यापुरते ते चालते. पण मिळकत कोण विकतो, कोणत्या न्यायालयाच्या देखरेखीखाली विकतो आणि तक्रार कुठे व किती दिवसांत करायची, हे प्रत्येक ठिकाणी निराळे असल्यामुळे उत्तरांआधी थोडी वर्गवारी करणे भाग आहे.

पुण्यात राहणाऱ्या सर्वसाधारण व्यक्तीला किंवा भागीदारी पेढीला आजही १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम लागू आहे आणि त्याखालील अर्ज जिल्हा न्यायालयात, म्हणजे आपल्याकडे शिवाजीनगरला, दाखल होतो. (मुंबई शहरासाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे, तो पुण्याला लागू नाही.) २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेत हे दोन्ही जुने कायदे रद्द करण्याची तरतूद असली तरी ते कलम अद्याप अमलात आणलेले नाही. संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता सुरू झाला आहे. कंपन्यांची आणि अशा हमीदारांची प्रकरणे राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे चालतात. पुढील उत्तरे, वेगळे सांगितले नसेल तेथे, १९२० च्या कायद्याला धरून आहेत; त्यांत रिसीव्हर म्हणजे नादाराची मिळकत विकून पैसे धनकोंना, म्हणजे येणेकऱ्यांना, वाटण्यासाठी न्यायालयाने नेमलेली व्यक्ती.

प्रश्न: आम्ही कसबा पेठेतील एका वाड्यात तीन पिढ्यांपासून भाड्याने राहतो. वाड्याच्या मालकांना न्यायालयाने नादार ठरवले असून रिसीव्हरांनी वाडा लिलावात काढल्याची नोटीस दरवाजावर लावली आहे. नवीन मालक आला की आम्हाला खोल्या सोडाव्या लागतील, असे शेजारी म्हणतात. हे खरे आहे का? आणि या महिन्याचे भाडे कोणाला द्यायचे?
— एक भाडेकरू, कसबा पेठ

उत्तर: शेजाऱ्यांचे म्हणणे खरे नाही. नादार ठरवल्याचा हुकूम झाला की कलम २८ प्रमाणे नादाराची मिळकत न्यायालयाकडे किंवा रिसीव्हरकडे निहित होते, म्हणजे तिची मालकी त्यांच्याकडे जाते. मात्र निहित होते ती नादाराची मिळकत, म्हणजे नादाराला त्या वास्तूत जेवढा हक्क होता तेवढाच. मालकाला भाडेकरूंसह वाडा होता. रिसीव्हरलाही भाडेकरूंसह वाडाच मिळाला आणि तो विकणार तेही भाडेकरूंसह वाडाच. कायदा करणाऱ्यांनी ही गोष्ट गृहीत न धरता लिहून ठेवली आहे. रिसीव्हरच्या नेमणुकीविषयीच्या कलम ५६ मध्ये न्यायालयाला मिळकतीच्या ताब्यातील व्यक्तीला दूर करण्याचा अधिकार देताना लगेच परंतुक (अपवाद सांगणारी पुस्ती) जोडले आहे की, ज्या व्यक्तीला हटवण्याचा हक्क आजच्या घडीला खुद्द नादारालाच नाही, तिला या कलमाखाली न्यायालयही हटवू शकत नाही. आजच्या अंकातील निम्म्याअधिक प्रश्नांचे उत्तर या एका परंतुकात आहे, असे माझे मत आहे.

लिलावात वाडा घेणाऱ्याला तुम्हाला बाहेर काढायचे असेल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मधील कारणांपैकी एखादे कारण दाखवून पुण्याच्या लघुवाद न्यायालयात रीतसर दावा लावावा लागेल, जसा तो जुन्या मालकालाही लावावा लागला असता. ‘वाडा न्यायालयाने विकला’ हे त्या कारणांत बसत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच एका वाड्याच्या पाहणीला मी एका इच्छुक खरेदीदाराबरोबर गेलो होतो. दिंडी दरवाजावर मंडळाच्या वर्गणीच्या पत्रकाशेजारी रिसीव्हरची नोटीस चिकटवलेली होती. तिच्यात चतुःसीमा, सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ सगळे बिनचूक होते आणि भाडेकरूंबद्दल ‘काही भाग भोगवट्यात’ एवढे तीनच शब्द होते. आत गेल्यावर सात कुटुंबे निघाली. त्यांतल्या एका आजोबांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून सुतळीने बांधलेला पावत्यांचा गठ्ठा काढून आमच्यापुढे ठेवला. सर्वांत खालची पावती इतकी जुनी होती की भाडे रुपये आणि आण्यांत लिहिले होते. खरेदीदाराने त्या संध्याकाळीच बोलीचा विचार सोडला. आजोबांनी कोणताही दावा लावला नव्हता की वकील दिला नव्हता, फक्त पावत्या जपल्या होत्या.

भाड्याबद्दल: रिसीव्हरची लेखी सूचना मिळाल्यानंतरचे भाडे रिसीव्हरलाच द्या आणि त्याची पावती घ्या. सूचना मिळण्यापूर्वी जुन्या मालकाला प्रामाणिकपणे दिलेले भाडे पुन्हा द्यावे लागत नाही, मात्र सूचना मिळूनही जुन्याच मालकाच्या हातात पैसे ठेवले तर ती जोखीम तुमची. रिसीव्हर भाडे घेण्यास टाळाटाळ करत असेल तर न्यायालयात भरणा करण्याची परवानगी मागावी. वाड्यातील सर्व भाडेकरूंनी मिळून रिसीव्हरला एक पत्र द्यावे, त्यात प्रत्येकाची खोली, भाडे आणि भोगवट्याचा काळ नमूद करावा आणि ही माहिती लिलावाच्या अटींत समाविष्ट करण्याची विनंती करावी. ती माहिती जाहीर असणे तुमच्याइतकेच रिसीव्हरच्याही सोयीचे आहे, कारण तिच्यामुळे पुढे खरेदीदाराला ‘मला अंधारात ठेवले’ म्हणता येत नाही.

प्रश्न: वर्तमानपत्रात नादाराच्या एका दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या लिलावाची नोटीस पाहिली. राखीव किंमत बाजारभावापेक्षा बरीच कमी आहे. न्यायालयाकडून घेतलेली मिळकत निर्धोक असते, असे ऐकले आहे. बोली लावण्यापूर्वी आणि नंतर काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर: ‘न्यायालयाकडून घेतलेली मिळकत निर्धोक’ हा समज पुण्यात फार खोलवर रुजलेला आहे आणि त्यानेच लोकांचे सर्वाधिक नुकसान होते. वरच्या उत्तरात भाडेकरूच्या बाजूने जो नियम सांगितला, तोच तुमच्या बाजूने पाहिला तर इशारा ठरतो: नादाराजवळ होते त्याहून चांगले मालकीपण रिसीव्हर तुम्हाला देऊ शकत नाही. नोटिशीत ‘जसे आहे जेथे आहे’ हे शब्द असतात, ते केवळ भिंतींच्या ओलीबद्दल नसतात, मालकी हक्कातील ओलीबद्दलही असतात.

सर्वप्रथम विकणारा कोण आहे ते नोटिशीत वाचा. १९२० च्या कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे रिसीव्हरला मिळकत विकण्याचा अधिकार थेट आहे. धंदा चालू ठेवणे, दावा लावणे, मिळकत गहाण ठेवणे, तडजोड करणे यांसाठी मात्र न्यायालयाची परवानगी लागते. तरीही स्थावर मिळकत विकण्यापूर्वी न्यायालयाचा हुकूम घेतला आहे का आणि विक्री कायम होण्यासाठी न्यायालयाची मान्यता लागेल अशी अट आहे का, हे नोटिशीवरील अर्ज क्रमांकावरून न्यायालयातील रोजनामा (प्रकरणाची तारीखवार नोंद) पाहून खात्री करून घ्यावे. ज्या विक्रीवर न्यायालयाने आधी किंवा नंतर नजर टाकली आहे, तिच्यात खरेदीदाराची झोप अधिक शांत असते.

त्यानंतर बोजे पाहावेत. फ्लॅट बँकेकडे तारण असेल तर १९२० च्या कायद्यातील कलम २८ तारणधारक धनकोचा हात धरत नाही. तो आपले तारण स्वतंत्रपणे वसूल करू शकतो आणि बँकेला न्यायालयात न जाता तारण विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याचा मार्गही मोकळा असतो. म्हणून रिसीव्हर फ्लॅट बोज्यासह विकत आहे की बँकेच्या संमतीने, तिची रक्कम विक्रीच्या पैशातून फेडून, बोजामुक्त विकत आहे, हे लेखी विचारा. तोंडी ‘बँकेचे आम्ही पाहून घेऊ’ या उत्तरावर एक रुपयाही भरू नका. दुय्यम निबंधक कार्यालयातून किमान ३० वर्षांचा शोध घ्या, म्हणजे सूची क्रमांक दोनच्या नोंदी पाहा. महापालिकेचा मिळकतकर थकला असेल तर महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे त्याचा बोजा मिळकतीवरच असतो, तो मालक बदलल्याने उतरत नाही. गृहनिर्माण संस्थेकडून थकबाकीचे पत्र घ्या. फ्लॅटचा ताबा कोणाकडे आहे हे स्वतः जाऊन पाहा आणि शक्य झाल्यास दोनदा पाहा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री दिवे लागल्यावर. रिकामा म्हणून दाखवलेल्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी कुकरची शिट्टी ऐकू आल्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे.

पैसे भरण्याच्या अटी त्या त्या नोटिशीत असतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ प्रमाणे होणाऱ्या लिलावात बोली संपताच २५ टक्के आणि उरलेली रक्कम १५ दिवसांत भरावी लागते. मी पाहिलेल्या रिसीव्हरांच्या नोटिशींतही हीच मोजपट्टी वापरलेली होती. कर्ज मंजूर होईल या भरवशावर बोली लावणे धोक्याचे आहे, कारण मुदत चुकली तर अनामत जप्त होण्याची अट सहसा असतेच.

विक्री झाल्यावर निर्धास्त केव्हा व्हायचे? कलम ६८ प्रमाणे नादार, धनको किंवा अन्य कोणीही बाधित व्यक्ती रिसीव्हरच्या कृतीविरुद्ध न्यायालयात अर्ज करू शकते, मात्र तो अर्ज त्या कृतीपासून २१ दिवसांच्या आत करावा लागतो. न्यायालय ती कृती कायम ठेवू शकते, फिरवू शकते किंवा तिच्यात बदल करू शकते. म्हणून या काळात फ्लॅटमध्ये फरशा बदलण्याची घाई करू नका. विक्री कायम झाल्यावर केवळ ‘मी दोन लाख जास्त दिले असते’ म्हणत कोणी उगवला तर न्यायालये सहसा त्याला दारात उभे करत नाहीत. कपट किंवा लिलाव चालवण्यातील गंभीर दोष असेल तर गोष्ट वेगळी.

कागदाबद्दल एक मुद्दा, ज्यावर वकिलांतही गोंधळ दिसतो. न्यायालयाच्या हुकुमाने जाहीर लिलाव होऊन न्यायालयाने विक्री कायम केली असेल, तर मालकी विक्री कायम होण्याने मिळते, विक्री प्रमाणपत्र हा तिचा पुरावा असतो आणि ते प्रमाणपत्र नोंदणीकृत असणे सक्तीचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले आहे. पण रिसीव्हरने न्यायालयाच्या मान्यतेशिवाय, स्वतःच्या अधिकारात खासगी बोलणीने विक्री केली असेल तर नेहमीप्रमाणे नोंदणीकृत खरेदीखतच हवे. माझा सल्ला असा की, कोणत्याही प्रकारात योग्य मुद्रांक शुल्क भरून दस्त नोंदवूनच घ्या. त्यामुळे संस्थेच्या दप्तरी नाव लावणे, मिळकतकराची नोंद बदलणे आणि पुढे कधी फ्लॅट विकणे, या तिन्ही वेळी कोणासमोर कायद्याचे कलम वाचून दाखवण्याची पाळी तुमच्यावर येणार नाही.

प्रश्न: माझी मार्केट यार्डात भुसार मालाची पेढी आहे. एका किराणा व्यापाऱ्याकडे माझे नऊ लाख रुपये येणे होते. दावा लावून हुकूमनामा मिळवला, त्याचे गोदाम जप्त केले, लिलावाची तारीखही लागली. आणि त्याने तेवढ्यात नादारीचा अर्ज केला. आता रिसीव्हर म्हणतात की गोदाम तेच विकणार. मी सर्वांत आधी जप्ती आणली, तर पैसे मला आधी मिळायला नकोत का? शिवाय त्यांनी गोदामातील डाळ आणि गूळ पडेल भावाने विकला. त्या व्यापाऱ्याने सव्वा वर्षापूर्वी आपला धायरीचा फ्लॅट मेहुण्याला बक्षीस दिला आहे, त्याचे काय?
— एक आडते, गुलटेकडी

उत्तर: आपले दुःख समजू शकतो, दोन वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला आणि घरी बसून बिल पाठवणाऱ्याला एकाच पंगतीत बसवणारा हा कायदा आहे. कलम ५१ प्रमाणे, नादारीचा अर्ज दाखल करून घेतला जाण्यापूर्वी लिलाव होऊन पैसे वसूल झाले असते तर ते आपले होते. नुसत्या जप्तीने रिसीव्हरविरुद्ध प्राधान्य मिळत नाही. कलम ५२ प्रमाणे अर्ज दाखल झाल्याची सूचना मिळताच अंमलबजावणी करणाऱ्या न्यायालयाने मिळकत रिसीव्हरच्या हवाली करायची असते. आपल्या हातात एक गोष्ट मात्र राहते: दाव्याचा आणि अंमलबजावणीचा खर्च त्या मिळकतीवर पहिला बोजा असतो. त्याचा तपशील, कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, जप्तीच्या वेळी बेलिफाकडे भरलेली रक्कम, असा सगळा हिशेब लगेच रिसीव्हरकडे द्या. बहुतेक लोक मुद्दल मागण्याच्या भरात हा खर्च मागायलाच विसरतात.

उरलेल्या रकमेसाठी कलम ३३ प्रमाणे धनकोंच्या यादीत आपले नाव आणि रक्कम सिद्ध करून घ्यावी. हुकूमनामा असल्यामुळे हे सोपे जाईल. यादीत नाव नसेल तर वाटपाच्या वेळी केवळ आपला हुकूमनामा आहे म्हणून कोणी बोलावणार नाही. वाटपात कारभाराचा खर्च वगळल्यावर शासन व स्थानिक प्राधिकरणांची देणी आणि कायद्यात सांगितलेल्या मर्यादेपर्यंत नोकरांचे पगार आधी दिले जातात. मग इतर धनकोंना प्रमाणशीर वाटा मिळतो. बँकेकडे गोदाम तारण असेल तर ती तारण विकून उरलेल्या रकमेपुरतीच या पंगतीत बसू शकते.

डाळ-गुळाबद्दल: नाशवंत माल लवकर विकणे हे रिसीव्हरचे कर्तव्यच आहे, पावसाळ्यात गूळ सांभाळून ठेवला असता तर आपणच उलट तक्रार केली असती. पण भाव खरोखर अवाजवी पडला असेल तर बाजार समितीचे त्या दिवसाचे भावपत्रक जोडून कलम ६८ खाली अर्ज करता येतो. विक्रीची तारीख लगेच पाहा, कारण २१ दिवस उलटले असतील तर हा दरवाजा बंद झाला आहे.

फ्लॅटबाबत आपली बाजू बळकट आहे. कलम ५३ प्रमाणे, हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर हस्तांतरण करणारा नादार ठरला, तर ते हस्तांतरण न्यायालय रद्द करू शकते. विवाहापूर्वी आणि विवाहाच्या मोबदल्यात केलेले हस्तांतरण आणि मोल देऊन सद्भावनेने घेणाऱ्याचे हस्तांतरण यांना यातून सूट आहे. बक्षीसपत्रात मोबदलाच नसतो, त्यामुळे मेहुण्याला दुसऱ्या अपवादात शिरता येणार नाही. असा अर्ज रिसीव्हरने करायचा असतो, आणि तो करत नसेल तर आपले कर्ज सिद्ध केलेला धनको न्यायालयाची परवानगी घेऊन तो करू शकतो. कर्ज सिद्ध करून घ्या असे वर जे सांगितले, त्याचे हेही एक कारण आहे. मेहुण्याने दरम्यान तो फ्लॅट तिसऱ्याच माणसाला पूर्ण किमतीला विकू नये म्हणून बक्षीसपत्राची सूची क्रमांक दोनची प्रत जोडून रिसीव्हरला आजच लेखी कळवा आणि मनाई हुकुमाची मागणी करा.

प्रश्न: माझ्या पतींचा छपाईचा व्यवसाय बुडाला आणि न्यायालयाने त्यांना नादार ठरवले. रिसीव्हरांचा माणूस घरी येऊन वस्तूंची यादी करून गेला. त्यात माझे शिलाई मशीन, फ्रिज, माझे मंगळसूत्र आणि लग्नात माहेरून मिळालेल्या पाटल्यासुद्धा लिहिल्या आहेत. पतींच्या विम्याचेही पैसे जातील का?
— एक भगिनी, धनकवडी

उत्तर: ताई, यादीत नाव लिहिले म्हणजे वस्तू गेली असे नाही, पण यादीकडे दुर्लक्षही करू नका. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे ज्या गोष्टींवर जप्ती येत नाही, त्या नादाराच्या मिळकतीतही धरल्या जात नाहीत. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे स्त्रीला अंगावेगळे न करता येणारे दागिने, कारागिराची हत्यारे, तसेच ऋणकोच्या आयुर्विम्याच्या पॉलिसीखाली मिळणारी रक्कम, ही त्यांत येतात. मंगळसूत्र त्यामुळे सुरक्षित आहे. फ्रिजला हे संरक्षण नाही.

शिलाई मशीन आणि पाटल्या यांचा मुद्दा वेगळा आहे. त्या वस्तू पतींच्या नाहीतच. माहेरून मिळालेल्या पाटल्या हे आपले स्त्रीधन आहे आणि ब्लाउज शिवून आपण स्वतः कमावलेल्या पैशातून मशीन घेतले असेल तर ते आपल्याच मालकीचे. मशीनची पावती, पाटल्या हातात असलेला लग्नातील फोटो, सराफाचा कागद, हप्ते आपल्या खात्यातून गेल्याचा उतारा, यांपैकी जे असेल ते जोडून रिसीव्हरला पत्र द्या. त्याने ऐकले नाही तर न्यायालयात अर्ज करा. अशा मालकीच्या प्रश्नांचा निकाल देण्याचा अधिकार कलम ४ प्रमाणे नादारी न्यायालयालाच आहे. आपण २१ दिवसांच्या आतच अर्ज द्यावा, म्हणजे मुदतीचा वाद उपस्थित होणार नाही.

आपल्या पतींनी एखाद्या कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेली असती आणि प्रकरण २०१६ च्या संहितेखाली गेले असते, तर तेथे बोजा नसलेले एकमेव राहते घरही शहरी भागात २० लाख रुपये मूल्यापर्यंत वगळलेले आहे. पुण्यात त्या रकमेत कोणते घर बसते, हे नियम करणाऱ्यांनी एकदा इथल्या घरांच्या जाहिराती चाळून पाहायला हवे होते.

प्रश्न: वडिलांच्या निधनानंतर सदाशिव पेठेतील घर आम्हा तिघा भावंडांचे आहे, वाटणी झालेली नाही. मधला भाऊ नादार ठरला. रिसीव्हर पूर्ण घर विकू शकतात का? एक बांधकाम व्यावसायिक आताच चकरा मारू लागला आहे.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर: नाही. विकला जाईल तो फक्त मधल्या भावाचा अविभक्त हिस्सा. तो हिस्सा बाहेरच्या माणसाने घेतला तरी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ प्रमाणे कुटुंबाच्या राहत्या घरात त्याला तुमच्याबरोबर राहण्याचा किंवा संयुक्त ताब्याचा हक्क मिळत नाही. त्याला वाटणीचा दावाच लावावा लागतो. आणि तो त्याने लावला की १८९३ च्या वाटणी अधिनियमाचे कलम ४ तुमच्या कामी येते: कुटुंबातील हिस्सेदाराने तयारी दाखवल्यास न्यायालयाने मूल्यांकन करून तो हिस्सा त्याला विकण्याचा हुकूम द्यायचा असतो. हे त्या व्यावसायिकाच्या वकिलालाही ठाऊक असते, म्हणूनच अशा हिश्शांना लिलावात पूर्ण भाव येत नाही.

याचा उपयोग तुम्ही आधीच करून घ्या. रिसीव्हरला लेखी कळवा की हा हिस्सा आम्ही दोघे भावंडे सरकारमान्य मूल्यांककाने काढलेल्या किमतीला घेण्यास तयार आहोत. धनकोंना लवकर आणि निश्चित पैसे मिळतात, रिसीव्हरला पडून राहणारा हिस्सा सांभाळावा लागत नाही, आणि न्यायालयाची मान्यता घेऊन केलेला असा व्यवहार पुढे सहसा कोणी उकरून काढत नाही. भावाचे मुलगे सज्ञान आहेत का, हेही कळवा. ९ सप्टेंबर २००५ नंतर घेतलेल्या कर्जासाठी केवळ ‘पित्याचे ऋण फेडणे हे मुलाचे धर्मकर्तव्य’ या जुन्या तत्त्वावर मुलांच्या हिश्शाला हात लावता येत नाही, आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलांचा जन्मसिद्ध हिस्सा असल्यास हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

प्रश्न: भोसरीतील आमचा कारखाना बंद पडला, कंपनी अवसायनात गेली. जागेचा लिलाव होणार आहे. कामगारांचा नंबर कितवा?
— एक कामगार, दिघी

उत्तर: ही कंपनी असल्याने वरील उत्तरे आपल्याला लागू नाहीत, येथे २०१६ ची संहिता आणि मुंबई पीठाने नेमलेला अवसायक आहे. संहितेच्या कलम ५३ प्रमाणे प्रक्रियेचा खर्च निघाल्यावर कामगारांची अवसायन सुरू होण्यापूर्वीच्या २४ महिन्यांची देणी ही तारण सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीने दिली जातात. कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या पगाराला १२ महिन्यांची मर्यादा आहे आणि त्यांचा क्रमांक त्यानंतर आहे. भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान (ग्रॅच्युइटी) निधी यांतील कामगारांचे येणे अवसायन संपत्तीत धरलेच जात नाही. अवसायकाच्या जाहीर नोटिशीतील मुदतीत दावा अर्ज देणे मात्र चुकवू नका. युनियनने एकत्रित यादी दिली असली तरी तिच्यात आपले नाव, हुद्दा आणि रक्कम बरोबर आहे का ते पाहा.

प्रश्न: माझी सगळी मिळकत विकून झाली. आता मी कर्जमुक्त झालो ना?
— एक वाचक, हडपसर

उत्तर: अजून नाही. मिळकत विकली जाणे आणि नादारीतून मुक्ती मिळणे या वेगळ्या गोष्टी आहेत. नादार ठरवताना न्यायालयाने जी मुदत दिली असेल, त्या मुदतीत कलम ४१ प्रमाणे मुक्ततेचा अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर नादारीचा हुकूमच रद्द होऊ शकतो, आणि मग धनको पुन्हा दारात. मुक्ती मिळाल्यानंतरही शासनाची देणी, कपटाने केलेले कर्ज आणि न्यायालयाने ठरवलेली पोटगी शिल्लक राहतात, आणि आपल्यासाठी जामीन राहिलेल्या माणसाची सुटका होत नाही. मुक्तता मिळेपर्यंत नव्याने मिळणारी मिळकतही रिसीव्हरकडेच जाते, त्यामुळे वारसाहक्काने काही मिळण्याची शक्यता असेल तर हा अर्ज या आठवड्यातच करा. सर्व धनकोंची पूर्ण फेड व्याजासह आणि खर्चासह होऊन काही उरले असेल तर ते कलम ६७ प्रमाणे आपले आहे. रिसीव्हरकडून अंतिम हिशेबाची प्रत मागून घ्या.